टाकीखालचा शेवटचा पाव तास

आमच्या खात्याच्या तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या शेजारी शेजारी आहेत. एका खोलीत पोलिसांची मोजदाद होते: कुठे किती शिपाई लावले, कुठे किती गाड्या गेल्या आणि एवढ्यांची खरंच गरज होती का. दुसऱ्या खोलीत आम्ही बसतो. आम्ही फुटबॉलची मैदानं तपासतो. जिने, दारं, कठडे, बाहेर पडायचे बोळ, सगळं. कुठल्या पायऱ्यांवर किती माणसं सोडायची हे आमच्या सहीने ठरतं. दोन्ही खोल्यांच्या मधे एक दार आहे, पण पूर्वी कधीतरी कुणी त्याला लोखंडी कपाट टेकवून ठेवलं आणि आता ते हलवायचं तर दोन्ही खोल्यांची परवानगी लागते. या हाताचं त्या हाताला कळू नये म्हणतात. आमच्याकडे ते पुण्य रोज पदरात पडतं.

गेल्या मोसमात शेजारच्या खोलीची एक समिती आमच्या शहरातल्या मैदानावर येऊन गेली. त्यांनी पॅव्हेलियनमधल्या गादीच्या खुर्च्यांवर बसून सामने पाहिले, चहा घेतला आणि अहवाल दिला, की बंदोबस्तावरचे निम्मे शिपाई हाताची घडी घालून नुसते उभे असतात. यात खोटं काही नव्हतं. शिपाई हाताची घडी घालूनच उभे असतात. माणूस कोरडा आहे असं बघून त्याच्या हातातली छत्री काढून घ्यावी, तसा तो अहवाल होता. पण माझं डोकं लवकर तापत असलं तरी मला डोळे आहेत. याच शहरात शनिवारी कुणाचं घर फुटलं तर चौकीतून माणूस यायला दुसरा दिवस उजाडतो, कारण चौकीत माणूसच नसतो, तो मैदानावर असतो. म्हणजे समितीचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं, आणि मला त्याचाच जास्त राग यायचा.

अहवालावरून हुकूम निघाला, तोही यंदाच्या मोसमाचा एकच सामना उरला असताना. इथून पुढे मैदानाच्या आत पोलीस नाहीत. आतली व्यवस्था क्लबने भाड्याच्या माणसांकडून करून घ्यावी. पोलीस फक्त बाहेर रस्त्यावर, तेही मोजके. हा हुकूम आमच्या खोलीत आला तो 'माहितीसाठी' असा शिक्का घेऊन. म्हणजे वाचा आणि गप्प बसा.

आता आप्पांबद्दल सांगायला हवं, कारण ही गोष्ट मैदानाची कमी आणि त्यांची जास्त आहे. आप्पा म्हणजे माझे वडील. बस डेपोत मेकॅनिक होते. आई गेल्यावर माझ्याकडे राहायला आले आणि येताना एकच अट घातली, की शनिवारी त्यांना कुणी काही काम सांगायचं नाही. शनिवारी ते मैदानावर जातात. उत्तरेच्या बाजूला, पाण्याच्या उंच टाकीच्या सावलीत सिमेंटच्या पायऱ्या आहेत. खुर्च्या नाहीत, छप्पर नाही, उभं राहूनच बघायचं. त्या जागेला सगळं शहर 'टाकीखाली' म्हणतं. तिथे आप्पांच्या एका बाजूला गॅसवाला असतो, दुसऱ्या बाजूला मास्तर. या तिघांनी मिळून आजवर किती रेफरींच्या सात पिढ्यांचा उद्धार केला याची गणती नाही. आई गेल्यानंतर आप्पांना मोठ्याने हसताना मी पाहिलं ते फक्त शनिवारी संध्याकाळी, तिथून परत आल्यावर.

टाकीखाली एक जुनी रीत आहे. सामन्याचा शेवटचा पाव तास उरला की पायऱ्यांच्या मागची मोठी लोखंडी दारं उघडतात. ज्यांना गर्दीच्या आधी घर गाठायचंय ते निघतात आणि बोळात ताटकळत उभी असलेली, तिकीट न परवडणारी माणसं फुकट आत येतात. त्यांना 'पावताशे' म्हणतात. कुठल्याही नियमात हे नाही, पण कुठल्याही सेक्रेटरीची ते बंद करायची छाती झालेली नाही. आप्पा लहानपणी पावताशेच होते. भिंतीबाहेर उभं राहून सव्वा तास नुसत्या आवाजावर जो सामना मनात खेळला जायचा, तो आतल्या सामन्यापेक्षा भारी असायचा, असं ते अजून सांगतात.

यंदा आमच्या क्लबचं नशीब उघडलं होतं. मोसमाचा शेवटचा सामना जिंकला की पहिल्या विभागात बढती. हे याआधी एकदाच घडलं होतं, तेव्हा आप्पांच्या डोक्यावर दाट काळे केस होते. "पुढच्या वर्षी मी असेन नसेन," हे वाक्य ते दर वर्षी ऐकवतात आणि मी दर वर्षी "बरं" म्हणते. यंदा ते म्हणताना त्यांनी टीव्हीवरून नजर काढली नाही, म्हणून मी "बरं" म्हणाले नाही.

सामन्याच्या आधी क्लबच्या कचेरीत बैठक झाली. क्लबचे सेक्रेटरी होते, इस्त्रीला फार जपणारे, गोड बोलणारे. बंदोबस्ताचे इन्स्पेक्टर होते. त्यांना त्यांचेच शिपाई पाठीमागे 'शांतिसागर' म्हणतात, कारण ते कुजबुजले तरी भिंतीपलीकडे ऐकू जातं. आणि एक नवीन बाई होती. भाड्याची माणसं पुरवायचं कंत्राट तिने घेतलं होतं. तिच्या माणसांना पिवळी जाकिटं असतात म्हणून पहिल्याच दिवशी तिचं नाव 'जाकीटवाली' पडलं. ती दुसऱ्या शहरातली होती.

तिने नकाशा समोर ओढला आणि टाकीखालच्या दारांवर बोट ठेवलं. "शेवटच्या पाव तासात ही उघडतात ना? मग बाहेरचे लोक आत घुसतील, त्यांना कोण अडवणार? माझी माणसं की पोलीस?"

"अडवायचं कशाला ताई?" सेक्रेटरी म्हणाले. "त्यांना आत घ्यायलाच तर उघडतात."

शांतिसागर हसले. मीही हसले. बाहेरगावच्या माणसाला आपल्या घरातली गंमत माहीत नसली की येतं, तसं हसू होतं ते.

जाकीटवाली हसली नाही. "मग या नकाशात ही दारं बाहेर पडायची म्हणून का दाखवलीत?"

माझं हसू तोंडातच राहिलं. त्या नकाशावर सही माझी होती. टाकीखाली किती माणसं सोडायची हा आकडा आम्ही काढतो तो बाहेर पडायच्या वाटा बघून. त्या पायऱ्यांना वाट एकच, मागचा जिना आणि त्याच्या तळाची दारं. आणि जेव्हा लोक बाहेर पडायला लागतात, नेमकी तेव्हाच ती आत यायची वाट असते. हे या शहरातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मलाही माहीत होतं. पण पावताशे मला घरचे म्हणून माहीत होते आणि दारं कचेरीतली म्हणून, आणि माझ्या डोक्यातही मधल्या दाराला कुणीतरी कपाट टेकवून ठेवलं होतं.

"मग आजवर काही झालं कसं नाही?" तिने विचारलं.

"आमची पोरं असायची ना जिन्यात," शांतिसागर म्हणाले.

आम्ही चौघंही उठून जिन्यात गेलो. बोळातून दहाबारा पायऱ्या वर, मग एक वळण, मग पुन्हा पायऱ्या, आणि मग एकदम उघडं आकाश आणि मैदान. वळणावर दोन्ही बाजूंना सरळसोट भिंती. शांतिसागरांनी हातवारे करत दाखवलं. शिपाई जिन्याच्या मधोमध वरपासून खालपर्यंत एकाखाली एक उभे राहायचे. उतरणारे एका बाजूने, चढणारे दुसऱ्या बाजूने. वळणावर दाटी दिसली की वरचा शिपाई शिट्टी फुंकायचा आणि खालचा दार लोटून घ्यायचा. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, जुन्यांनी नव्यांना सांगितलं एवढंच. म्हणजे सव्वा तास हाताची घडी आणि मग पाव तास घाम. समितीने घडी पाहिली. घाम पाहायला समिती थांबली नव्हती, कारण रस्त्यावरची गर्दी टाळायला ती दर वेळी लवकर उठायची.

"मग एका दिवसापुरते तेवढे शिपाई द्या," मी म्हणाले.

"बाई, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? एकेका शिपायाचा हिशेब वर जातो. माझा एक माणूस या भिंतीच्या आत दिसला तर माझी मान धरतील. आणि बाहेर दोन्ही बाजूंचे समर्थक, त्यांच्यातच माझी माणसं पुरी पडायची नाहीत."

मी जाकीटवालीकडे पाहिलं. तिने मान हलवली. "माझी माणसं एका दिवसाच्या बोलीवर येतात. त्यातली निम्मी याच शहरातून घेतलीत. बोळात त्यांचेच भाऊ आणि मित्र असणार. भावाच्या तोंडावर दार लोटायला मी त्यांना कोणत्या तोंडाने सांगू?"

सेक्रेटरींनी रुमालाने कपाळ पुसलं. त्यांना एक उपाय सुचला, दारं उघडूच नयेत. मी त्यांना विचारलं, की वर हजारो माणसं उभी आणि मागे कुलूप, यात झोप लागेल का तुम्हाला? मग त्यांना दुसरा सुचला, निम्मीच तिकिटं विकावीत. पण आत जागा मोकळी आहे असं कळल्यावर बोळातली गर्दी दुप्पट जोराने येणार हे त्यांचं त्यांनाच बोलता बोलता पटलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्या दारांची गत होती. उरलं एकच. पायऱ्यांवर माणूसच नसेल तर दारं उघडायची गरजच नाही. ते कुणी बोललं नाही, कारण ते बोलायचं काम माझं होतं.

त्याआधी मला शेवटचा एक प्रयत्न करायचा होता. मी आमच्या खात्याच्या कचेरीत परत आले आणि बाहेरच्या व्हरांड्यातून फिरून शेजारच्या खोलीत गेले. तिथले गृहस्थ सभ्य होते, त्यांनी बसायला खुर्ची दिली.

"या मोसमाची माणसं वाटून झालीत," ते म्हणाले. "पुढच्या मोसमासाठी तुमची मागणी कळवा. पण एक सांगा, त्या जिन्यात आजवर काही झालंय?"

"नाही."

"मग?"

त्या 'मग'ला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते जिन्यात उभं राहून द्यायचं उत्तर होतं, खुर्चीत बसून नाही. मी उठले आणि आमच्या मोठ्या साहेबांकडे गेले.

साहेबांनी सगळं नीट ऐकलं. वाईट माणूस नाही, निवृत्तीला आलाय एवढंच. "बाई, त्या पायऱ्या बंद केल्या तर पेपरात माझा फोटो येईल," ते म्हणाले.

"उघड्या ठेवल्या तरी येऊ शकतो," मी म्हणाले.

ते बराच वेळ पेनाचं टोपण काढत आणि लावत बसले. मग म्हणाले, "सही तुमची. मी अडवत नाही." आमच्या खात्यात यापेक्षा मोठा पाठिंबा मी आजवर पाहिलेला नाही.

मी सही केली. त्या सामन्याला टाकीखालच्या पायऱ्या बंद, हा हुकूम दुसऱ्या दिवशी जाहीर होणार होता. आप्पांनी तो गॅसवाल्याकडून ऐकू नये म्हणून मी त्या संध्याकाळी लवकर घरी आले. ते स्वयंपाकघरातल्या ओट्याशी मिक्सर उघडून बसले होते. आमच्या घरात कुठलंही यंत्र बिघडायच्या आधीच दुरुस्त होतं. मी समोर बसले आणि सरळ सांगितलं. जिना, दारं, पावताशे, शिपाई, सगळं. त्यांनी ऐकताना स्क्रू काढायचं थांबवलं नाही.

"म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी," ते शेवटी म्हणाले. "पोलीस काढले सरकारने आणि हाकलताय आम्हाला. आम्ही काय केलंय?"

"तुम्ही काही नाही केलंत."

"पॅव्हेलियन बंद करा की. ते कुठे मॅच बघतात? चहा पितात."

"पॅव्हेलियनला चार जिने आहेत आप्पा."

"आम्हाला एक दिला, तो आमचा गुन्हा?"

त्यांचं खरं होतं. गादीच्या खुर्च्यांना चार जिने आणि उभ्या माणसांना एक, हे कुणीतरी पूर्वी आखताना ठरवलं होतं, आणि त्याची किंमत आता उभी माणसंच देणार होती. मला वाटलं, ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं, मलाही ओरडता आलं असतं. त्यांनी मिक्सर बंद करून जागेवर ठेवला, हात धुतले आणि म्हणाले, "इन्स्पेक्टरीणबाई, तुमचं जेवण झाकून ठेवलंय." त्यानंतर ते माझ्याशी कामापुरतं बोलू लागले.

दोन दिवसांनी सेक्रेटरींचा घरी फोन आला आणि तो नेमका आप्पांनी घेतला. बाईंच्या वडिलांसाठी पॅव्हेलियनमध्ये एक खुर्ची राखून ठेवलीय, असा निरोप होता. मी शेजारीच उभी होते, मला सगळं ऐकू येत होतं. मी हो म्हणू शकत नव्हते. सगळ्यांना घरी बसवून स्वतःच्या बापाला गादीवर बसवलं असं म्हणायला शहराला तेवढंच पुरलं असतं. पण आप्पांनी हो म्हणावं अशी माझी मनापासून इच्छा होती. नियम गेला खड्ड्यात, असं त्या क्षणी मला वाटलं.

"माझी माणसं घरी आणि मी गादीवर?" आप्पा फोनमध्ये म्हणाले. "ठेवा तुमची खुर्ची. इस्त्री मोडेल तिची." आणि त्यांनी फोन ठेवून दिला. त्यांचा अभिमान वाटला आणि रडूही आलं, दोन्ही एकदम.

सामन्याच्या दिवशी ते सकाळपासून रेडिओशी खटपट करत होते. शनिवार असून त्यांनी बूट घातले नाहीत. मी निघताना "येते" म्हणाले, त्यांनी रेडिओचं बटण फिरवत मान हलवली.

मैदान तीन बाजूंनी फुललं होतं आणि चौथी बाजू रिकामी होती. मी इतकी मैदानं तपासली, रिकाम्या पायऱ्या मला नवीन नाहीत. पण भरल्या मैदानातल्या त्या रिकाम्या पायऱ्यांकडे मला बघवेना. टाळ्या पडल्या की आवाज तिथे जाऊन आपटायचा आणि परत यायचा. समोरच्या बाजूने कुणीतरी माझ्या खात्याच्या नावाने शिव्यांची लाखोली सुरू केली आणि बाकीच्यांनी ती चालीवर उचलली. चाल चांगली होती.

मध्यंतर होऊन खेळ पुन्हा सुरू झाला तशी मी टाकीखालच्या जिन्यात उतरले आणि वळणावर उभी राहिले. खाली बंद दारांपलीकडे बोळ भरत चालला होता. जाळीतून दिसत होतं ते. हुकूम सगळ्यांना माहीत होता, तरी माणसं आली होती. सवयीने आली होती. शांतिसागरांनी बोळाच्या तोंडाशी आपली मोजकी माणसं आणि दोन गाड्या आडव्या लावल्या होत्या. पाव तास उरला तेव्हा बोळातून आरोळी उठली, "दार! दार!" मग दारांवर हात पडू लागले. लोखंड घुमत होतं. एक चप्पल जाळीवर येऊन आदळली. मी जिथे होते तिथेच उभी राहिले.

आणि मग वर, माझ्या पाठीमागे, तीन बाजूंनी मैदान फुटल्यासारखा आवाज झाला. आमचा गोल. बोळातली सगळी गर्दी एका झटक्यात दारांवर आली. दारं आतल्या बाजूला वाकली आणि थांबली. मग ती माणसं जागच्या जागीच नाचायला लागली. एकमेकांच्या गळ्यात पडली. शांतिसागरांचा आवाज येत होता, "मागे! मागे व्हा रे!" आणि त्यातसुद्धा आनंद होता.

काहीही झालं नाही. क्लब वर गेला. सेक्रेटरी मला पॅव्हेलियनच्या दारात भेटले तेव्हा त्यांच्या अंगावर कुणीतरी सरबत सांडलं होतं आणि त्यांना त्याची फिकीर नव्हती. "पाहिलंत बाई? काही झालं का? एवढे लोक उगीच घरी बसले." ते टोमणा मारत नव्हते, त्यांना खरंच वाईट वाटत होतं. मलाही वाटत होतं. जाकीटवाली पिवळी जाकिटं पोत्यात भरत होती. तिने माझ्याकडे पाहून फक्त मान हलवली आणि जाकिटं भरत राहिली.

घरी आले तेव्हा अजून उजेड होता. आप्पा खिडकीशी खुर्चीत बसले होते, रेडिओ बंद करून मांडीवर ठेवला होता. रस्त्यावरून गाड्यांचे भोंगे आणि गाणी येत होती. मी दारातच उभी राहिले. अभिनंदन करावं की माफी मागावी हे कळेना.

"एक खरं सांग," ते म्हणाले. "आम्ही तिथे असतो तर मेलो असतो का?"

खोटं बोलायची याहून चांगली संधी मला पुन्हा मिळाली नसती. हो म्हणाले असते तर ते लगेच निवळले असते.

"बहुतेक नाही," मी म्हणाले.

"बहुतेक." त्यांनी तो शब्द तोंडात फिरवला. "बहुतेकसाठी तू माझी मॅच घालवलीस."

"हो."

मी चप्पल काढली, पिशवी ठेवली. मग त्यांचं कुतूहल त्यांच्या रागावर मात करून बाहेर पडलं. "गोल कसा होता?"

"पाहिला नाही."

"म्हणजे?"

"मी जिन्यात होते. दाराकडे तोंड करून. आमच्या कामात मैदानाकडे पाठ असते आप्पा, माणसांकडे बघायचं असतं."

"कधीच नाही पाहिलास गोल?"

"या नोकरीत नाही."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी जेवले नाही असं त्यांना सांगितलं होतं. मग बाजूची खुर्ची पायाने पुढे सरकवली. "बस. सांगतो."

आणि त्यांनी रेडिओवर ऐकलेला गोल मला दाखवला. डावीकडून चेंडू कसा आला, तो कुणी सोडला, कुणी उचलला, गोलकीपर कसा फसला. सांगताना त्यांचे हात खुर्चीच्या दांड्यांवर थांबेनात. आवाज चढला. ते आता खिडकीशी नव्हते, टाकीखाली होते. "ऐंशी मिनिटं झालेली. बरोबरी. गॅसवाला म्हणणार, चला, काही होत नाही आता. मी तर गुडघ्यांमुळे तेव्हाच जिना उतरायला लागतो, गर्दीत मला जमत नाही. आम्ही तिघं उतरतोय, आमच्यासारखे शंभर म्हातारे उतरतायत, वळणावर आलोय, आणि वरून तो आवाज! गोल! मग काय, सगळे फिरलो माघारी, कोण थांबतो! वरचे थांबलेत, आम्ही अर्धे वर अर्धे खाली, आणि खालून पावताशे, त्यांनी पण ऐकलंय, ते सुटलेत वर..."

सांगताना त्यांचा एक हात वरून येत होता आणि एक खालून. दोन्ही हात मधे येऊन एकमेकांवर दाबले गेले, आणि आप्पा थांबले. ते आपल्या हातांकडे बघत राहिले. बाहेर कुणीतरी ढोल बडवत गेलं.

मी खुर्ची त्यांच्या जवळ ओढली.

"खालून येणारी सगळी पोरं असतात गं," ते म्हणाले. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला होता. "एवढी एवढीशी. भिंतीला चिकटून येतात. मीही तसाच यायचो."

मला रडू फुटलं. सकाळपासूनचं, त्या बैठकीपासूनचं, सगळं. मी काही केलं म्हणून नाही. काही झालं नाही, आणि काय होऊ शकलं असतं ते आता कुणालाही दाखवता येणार नव्हतं, फक्त या एका माणसाला दिसलं होतं, म्हणून.

आप्पांनी हात सोडवले. माझ्याकडे न बघता माझ्या डोक्यावर एक थापटी मारली. डेपोतल्या माणसाची ती थापटी, लागली.

"माझा राग गेलेला नाही," ते म्हणाले.

"असू दे."

"पुढच्या मोसमात दुसरा जिना पाहिजे टाकीखाली. सांग तुझ्या साहेबाला."

"सांगते."

"सांगते नाही. बांधून घे," आप्पा म्हणाले. "मी असेन तोवर."